आंध्रात गेलेला सदरा

संपत गेला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढला नाही, नंतर कधी सुचलं नाही. कालव्याच्या ऑफिसात एकदा मंत्री आले होते, तेव्हा जालन्याहून फोटोवाला बोलावला होता. त्या फोटोत संपत आहे, म्हणजे त्याचा कोपर आहे. हारांचं ताट धरलेला कोपर. बाकीचा संपत चौकटीच्या बाहेर राहिला.

वडीगोद्रीला सडकेच्या कडेला कालव्याच्या कामाचं ऑफिस होतं. पत्र्याच्या दोन लांब खोल्या आणि मागे स्टोअर. संपत तिथे सात वर्षं शिपाई होता. सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत पोटात दुखतंय म्हणून आडवा झाला आणि जालन्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला. त्याच्या जागेवर मला घेतलं. मी गिरिजाबाई, त्याची बायको, चौथी पास. जुलैपासून त्याच्याच स्टुलावर बसायला लागले.

तो गेल्यावर आठवड्याभराने ऑफिसात शोकसभा झाली होती. सगळ्यांनी काही-काही घालून एक पाकीट केलं होतं, ते साहेबांच्या हातून मला दिलं. जो तो उठून सांगत होता की संपतसारखा माणूस नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. कोण काय बोललं ते मला आठवत नाही. टेबलावर हिरवं कापड होतं, तेवढं आठवतं.

त्या वर्षात मला रडू आलं नाही. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. खंबीर-बिंबीर काही नव्हते. खूप वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, तसं सगळं अंग झालं होतं. चिमटा काढला तर कळायचं की चिमटा काढला, दुखायचं नाही. सकाळी भाकरी करायची, ऑफिस झाडायचं, टेबलं पुसायची, घंटी वाजली की आत जायचं. दिवस जात होते आणि मी त्यांना जाऊ देत होते.

संपतचा खाकी गणवेश ऑफिसाने परत घेतला, नियमच तसा होता. दोन बनियनं होती, ती विरून गेलेली. राहिला तो पांढरा सदरा. अंबडहून कापड आणून शिवून घेतलेला. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि कुणाचं लग्न, एवढ्यालाच तो पेटीतून बाहेर यायचा. चौदा एप्रिलला संपत खिशावर निळी फीत टाचायचा. त्या टाचणीची दोन बारीक भोकं खिशावर पडली होती आणि भोवती गंजाचा डाग होता. खिशाचा एक कोपरा उसवला होता, तो मी दुहेरी दोऱ्याने शिवला. घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून निळा घेतला. संपत म्हणाला, कोण बघतंय.

आमच्यात वर्ष झालं की पुण्यानुमोदन करतात. खुर्चीवर गेलेल्या माणसाचा फोटो ठेवायचा, हार घालायचा, वंदना घ्यायची आणि आपल्या हातून जे दान झालं असेल त्याचं पुण्य त्या माणसाच्या वाट्याला घालायचं. आमच्याकडे फोटो नव्हता. म्हणून मी आणि माझ्या मुलीने, बेबीनंदाने, ठरवलं होतं की खुर्चीच्या पाठीला सदरा घालायचा. वरपर्यंत बटणं लावायची, म्हणजे कुणी बसल्यासारखं दिसेल. बेबीनंदा तेव्हा सातवीत होती. ती अधूनमधून पेटी उघडून सदरा आहे ना ते बघायची आणि मी तिच्यावर ओरडायची, हात लावू नको, मळेल.

नोव्हेंबरात आंध्रात वादळ झालं. समुद्र गावांवर चढला, हजारांनी माणसं गेली. रेडिओवर रोज तेच. ऑफिसात प्रत्येकाच्या पगारातून एक दिवस कापला. त्याचं कुणाला विचारलं नाही, सही तेवढी घेतली. कागदावर वरच ‘स्वखुशीने’ असं छापलेलं होतं. खुशी छापूनच आली की आपल्याला वेगळी आणावी लागत नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण साहेबांनी औरंगाबादच्या बैठकीत सांगून टाकलं की आमच्या ऑफिसातून कपडेसुद्धा येतील, प्रत्येक माणसाकडून एक चांगला कपडा, शंभर टक्के. साहेबांच्या तोंडून निघालं आणि भुजंगरावांच्या डोक्यावर बसलं. भुजंगराव म्हणजे आमचे हेडक्लार्क. वाईट माणूस नव्हता. माझ्या नोकरीचे कागद त्यांनीच केले, त्यासाठी पदरमोड करून दोनदा औरंगाबादला जाऊन आले. त्यांनी दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने सगळ्यांची नावं लिहिली. कपडा आला की नावापुढे बरोबरची खूण. तीन दिवसांत फळा खुणांनी भरला. तळाला माझं नाव होतं, त्याच्यापुढे कोरं.

माझं स्टूल बरोबर त्या फळ्याखाली होतं. येणारा माणूस आधी फळा बघायचा, मग मला.

चौथ्या दिवशी मी एक लुगडं नेलं. भुजंगरावांनी ते खिडकीपाशी उजेडात धरलं आणि परत माझ्या हातात दिलं.

“ह्याच्यातून पलीकडची सडक दिसून राह्यली, गिरजाबाई. चांगलं द्या कायतरी.”

“चांगलं न्हाई भाऊसाहेब.”

“संपतचा पांढरा सदरा आसंल की. एकदा लग्नावरून तसाच घालून आल्ता ऑफिसात.”

मी लुगड्याची घडी घातली.

“पेटीत ठिवून काय करता? तिकडं कुनाच्या तरी अंगावर चढंल.” मग ते जरा जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “तुमच्या टायमाला सगळ्यांनी दिलं. मेलेल्या मानसाबद्दल बोलू न्हाई, पन संपतनं कधी कुनाला दिलं न्हाई. एकाहत्तरला जवानांसाठी एक गोधडी दिली, ती पहिली आन् शेवटची. मंग दुष्काळाला न्हाई, झेंड्याच्या फंडाला न्हाई, कशालाच न्हाई. बाकीच्यांच्या नावापुढं खूण, त्याच्या नावापुढं मी रेघ मारायचो. तरी तुमचं पाकीट भरलं का न्हाई?”

“भरलं.”

“मंग? आन् डिसेंबरात तुमचा सा म्हैन्याचा हुकूम सरतोय. कायम करायचा कागद मला साहेबांपुढं ठिवायचा हाय. फळ्यावर एकच नाव कोरं दिसलं तर बराबर वाटत न्हाई.”

ते धमकी देत नव्हते, खरंच माझ्या भल्याचं सांगत होते. धमकी दिली असती तर मला बरं पडलं असतं.

घरी गेले ती संपतवर चिडून. वर्षभरात पहिल्यांदा मला काही वाटलं असेल तर तो राग. पाच वर्षं ह्याच्या नावापुढे रेघ, आणि मला कळतं कधी, तर हा नसताना, फळ्याखाली बसून. मला आठवलं, दुष्काळात बाया-लेकरांसाठी कपडे गोळा होत होते, तेव्हा मी एक जुनी चादर काढून ठेवली होती. संपत म्हणाला, न्हाई द्यायची. मी म्हटलं, कामून? तर म्हणाला, न्हाई म्हनलं ना. मी त्याला चार बायांत कवडीचुंबक म्हटलं होतं. तो हसला होता नुसता.

गोधडी मात्र दिली होती, ते खरं. माझीच होती ती. माझ्या आईच्या लुगड्यांची, दोन महिने बसून शिवलेली. संपत ती खांद्यावर टाकून ऑफिसात घेऊन गेला होता. पुढे मी विचारलं तर म्हणाला, पोचली बिलकुल, पार सरहद्दीवर पोचली. थंडी पडली की मला त्या गोधडीची आठवण यायची. कुणीतरी जवान माझ्या आईच्या लुगड्यात झोपलाय, असं मनात यायचं आणि बरं वाटायचं.

बेबीनंदाला मी सदऱ्याचं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “मंग खुर्चीवर काय ठिवायचं, माय?”

 तेच विचारायला मी अप्पारावांकडे गेले. आमच्या वस्तीत वंदना, लग्नं, जलदान सगळं तेच करतात. ते म्हणाले, “गिरजाबाई, पुण्यानुमोदनात आपन पुण्य वाटतो. त्याचा सदराच दान झाला तर त्याच्याहून मोठं पुण्य कोनतं? खुर्ची रिकामी ठिवू. नुसती फुलं ठिवू. लोकास्नी मी सांगन सदरा कुठं गेला ते.”

मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

सदरा मी धुतला, नीळ दिली, लोट्यात निखारे घालून त्याच्यावर इस्तरी फिरवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. भुजंगरावांनी माझ्या नावापुढे खूण केली आणि फळ्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, शंभर टक्के. दोन गाठोडी बांधली, ती जीपच्या टपावर ठेवून साहेबांचा फोटो काढला. सगळ्यांना चहा झाला. चहाही मीच वाटला.

खोटं सांगत नाही, त्यानंतर दोन महिने मला जरा हलकं वाटायचं. सदरा कुणाच्या तरी अंगावर आहे, असं वाटायचं. संध्याकाळी भाकऱ्या थापताना बेबीनंदा त्या माणसाबद्दल बोलायची.

“त्याला बाह्या लांब व्हत्याल ना, माय? आपला बाप लई उंच व्हता.”

“दुमडंल की.”

“त्याला खिशावरचे भोकं दिसत्याल?”

“दिसत्याल. त्याला वाटंल, ह्या मानसानं कायतरी लावलं व्हतं इथं.”

बापाबद्दल आम्ही दोघी कधी बोलायचो नाही. ह्या आंध्राच्या माणसाबद्दल मात्र बोलता यायचं.

डिसेंबरात हुकूम कायम झाला नाही, आणखी सहा महिने वाढवून मिळाला. भुजंगराव म्हणाले, कायमचं पुढच्या टायमाला बघू म्हणतात साहेब. सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्यात नवीन काही नव्हतं. मी बरं म्हटलं.

जानेवारीच्या शेवटाला टेबलं पुसायची फडकी पार चिंध्या झाली होती. नव्या फडक्यांची मागणी वर गेलेली, तिचं उत्तर नव्हतं. मच्छिंद्र म्हणून दुसरा शिपाई होता, तो स्टोअर बघायचा. त्याने सोमवारी मला नव्या फडक्यांचा एक गठ्ठा आणून दिला. बरं सुती कापड होतं. दोन दिवस मी त्यांनी टेबलं पुसली, खिडक्या पुसल्या, साहेबांचे बूट ठेवायची फळी पुसली.

बुधवारी भुजंगरावांची तांबड्या शाईची दौत लवंडली. ते म्हणाले, “गिरजाबाई, फडकं आना, जल्दी.” मी हाताला आलं ते फडकं घेतलं, शाई टिपली, टेबल कोरडं केलं आणि फडकं धुवायला मागच्या हौदावर गेले.

फडकं दगडावर चोळताना हात आपोआप एका कोपऱ्याशी गेला आणि तिथे थांबला. तिथे दुहेरी शिवण होती. डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. मग मी फडकं उलगडलं. खिसा होता. कोपऱ्याला निळा दोरा, वर दोन भोकं, आणि गंजाच्या डागावर तांबडी शाई पसरलेली.

मला वाटलं आता मी ओरडेन. ओरडले नाही. शाई जाते का बघायला आणखी दोनदा चोळलं. गेली नाही. मग ओलं फडकं घेऊन स्टोअरात गेले.

“मच्छिंद्र, हे कुठून आनलं?”

“त्या आंध्राच्या गाठोड्यातून, वहिनी.” त्याला काहीच माहीत नव्हतं, सहज बोलला. “ते गाठोडे गेलेच न्हाईत. वरून कागद आल्ता, कपडे पुरे झाले, आता रोख पाठवा. तवापासून हितंच पडून व्हते. उंदरं लागायले म्हनून मीच फाडले फडक्याला.” मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, खिशाकडे बघितलं आणि खाली बसला.

“वहिनी, आईशपथ, मी वळखला न्हाई.”

“बाकीचा कुठं हाय?”

आम्ही दोघांनी गठ्ठे उचकले. पाठ सापडली, कॉलर सापडली. बाह्या दोन वेगळ्या टेबलांवर सापडल्या. पुढची उजवी बाजू जीपकडे गेली होती. ड्रायव्हरने ती आणून दिली, तेलाने काळी झालेली.

मच्छिंद्रने तुकडे एकावर एक ठेवले. मग म्हणाला, “संपत ह्याच्यासाठीच द्यायचा न्हाई.”

“कशासाठी?”

“स्टोअर तवा तो झाडायचा. एकाहत्तरला जवानांसाठी गोळा केलेलं बी असंच पडून ऱ्हायलं हितं. तुमची एक गोधडी व्हती ना त्याच्यात? उंदरांनी पिलं घातली व्हती तिच्यात. त्यानंच उचलून पांदीला नेऊन जाळली. मी संगं व्हतो. मला म्हनला, घरी कळू द्यायचं न्हाई. तिनं दोन म्हैने बसून शिवली, तिला वाटू दे पोचली.”

मी तिथेच पोत्यावर बसले. पार सरहद्दीवर पोचली, असं म्हणाला होता. आणि मी त्याला चार बायांत कवडीचुंबक म्हटलं, तेव्हाही हसला होता. भुजंगरावांच्या रेघा त्याने पाच वर्षं नावापुढे घेतल्या, पण माझ्या थंडीतल्या त्या जवानाला हात लावला नाही.

तुकडे पिशवीत घालून घरी नेले. वाटेत मी विचार करत होते की बेबीनंदाला सांगायचं का. तिचा तो आंध्राचा माणूस, बाह्या दुमडून घालणारा. संपतने मला सांगितलं नव्हतं. मी पिशवी लपवली असती तर तिलाही तेव्हा कळलं नसतं, पण पुढे कळल्यावर कुठल्यातरी फळ्याखाली बसून तीही माझ्यावर चिडली असती. मी पिशवी तिच्यापुढे ओतली.

तिने तुकडे जमिनीवर मांडले. कॉलर, पाठ, बाह्या, खिसा. उजवी बाजू हातात घेऊन वास घेतला.

“मंग त्यो मानूस?”

“न्हाई बाई. कुनीच न्हाई.”

ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने दोरा शोधला. चार संध्याकाळी बसून आम्ही सदरा शिवला. ह्या वेळीही निळाच दोरा घेतला.

फेब्रुवारीतल्या रविवारी पुण्यानुमोदन झालं. खुर्चीच्या पाठीला सदरा घातला, वरपर्यंत बटणं लावली. उजवी बाजू काळी, खिशावर तांबडं, मधून निळ्या शिवणी. अप्पारावांनी माझ्याकडे बघितलं आणि वंदना सुरू केली. ऑफिसातून मच्छिंद्र आला होता आणि भुजंगरावही आले होते. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. फूल ठेवायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. डाग त्यांच्याच दौतीचा होता.

निघताना ते दाराशी थांबले.

“गिरजाबाई, मला म्हाईत न्हवतं.”

“कपडे पाठवू नका असा कागद तुमच्याच टेबलावर आल्ता, भाऊसाहेब.”

त्यांनी मान खाली घातली. “आल्ता,” म्हणाले. “कपडे परत दिले तर कुनाला काय वाटायचं, म्हनून बोल्लो न्हाई.”

सोमवारी ऑफिसात गेले तर फळ्यावर नवी यादी होती. कुठल्यातरी दवाखान्याच्या इमारतीसाठी. साहेबांनी पुन्हा शंभर टक्के सांगितलं होतं. मी वरून खालपर्यंत वाचली. माझं नाव त्यात नव्हतं. भुजंगरावांनी लिहिलंच नव्हतं. त्यांच्या परीने ती भरपाई असावी.

मी आत गेले. ते काहीतरी लिहीत होते, वर बघितलं नाही.

“भाऊसाहेब, माझं नाव लिहायचं ऱ्हायलं.”

“ऱ्हाऊ द्या, गिरजाबाई. तुमचं न्हाई घेत ह्या टायमाला.”

“लिहा. आन् त्याच्यापुढं रेघ मारा. संपतच्या मारायचे तशी.”

आता त्यांनी वर बघितलं. “तुमचा कायमचा कागद अजून साहेबांपुढं गेला न्हाई. साहेब रोज फळा बघतेत.”

“म्हाईत हाय.”

ते खडू घेऊन बाहेर आले. तळाला माझं नाव लिहिलं, हळूहळू, आणि त्याच्यापुढे एक आडवी रेघ ओढली. मग हात झटकून आत गेले.

मी रेघेखाली स्टुलावर बसले. लोक येत होते, फळा बघत होते, मग मला बघत होते. दहाच्या सुमाराला बधिर पायाला जाग येताना मुंग्या येतात तसं काहीतरी छातीत व्हायला लागलं आणि मग मला रडू आलं. सगळ्या ऑफिसासमोर, भर दिवसा, संपतच्या स्टुलावर. आवरेना. मी आवरायचा फार प्रयत्नही केला नाही. आतून साहेबांची घंटी वाजली. पहिल्यांदा मी तिला वाजू दिलं. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा डोळे पुसले आणि आत गेले.